रेघ वळते कुठे, वाकवतो कोण?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना कायद्याने दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढावा लागतो. असल्या अहवालांत हवेच्या प्रकरणात बहुतेक वेळा वर्षवार सरासरीचे स्तंभ असतात. गेल्या वर्षी इतके, यंदा इतके, म्हणजे अमुक टक्के घट. बातम्याही त्या स्तंभांवरच निघतात. सरासरी खोटी नसते, पण तिच्यात पावसाळ्याचे चार धुतलेले महिने आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुरकट पहाटा एकमेकांत मिसळून जातात. पाऊस पंधरा दिवस जास्त रेंगाळला तरी वर्षाची सरासरी उतरते आणि श्रेय मिळते रस्ते धुणाऱ्या टँकरना. म्हणून स्तंभांऐवजी सगळ्या नोंदींमधून एक सलग वळणदार रेघ काढायची, ही रीत पर्यावरणाच्या अभ्यासात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभर रुळली. आता ती आपल्याकडच्या शोधनिबंधांत आणि प्रबंधांतही दिसते. रेघ देखणी असते आणि बघणाऱ्याला वाटते की ती आकड्यांनीच काढली आहे. प्रत्यक्षात निम्मे निर्णय रेघ काढणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेले असतात. ते निर्णय कोणते, आणि ते न पाहता रेघ वाचली तर काय काय हातून सुटते, याचा हा आढावा.

त्यासाठी ठाणे ते कल्याण हा पट्टा हाताशी असावा यापेक्षा चांगली सोय नाही. पश्चिमेला येऊरचे डोंगर, मध्ये पारसिकची रांग, एकीकडे ठाण्याची खाडी, दुसरीकडे कल्याणवरून येऊन घोडबंदरमार्गे वसईला मिळणारी उल्हास, आणि काठाकाठाने अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या 88 औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा 70 च्या वर गेलेल्या 43 पट्ट्यांत डोंबिवली 78.41 गुणांसह होती. त्याच डोंबिवलीत 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला आणि 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. असल्या घटना डोळ्यांना दिसतात. रोजची हवा दिसत नाही, तिच्यासाठी आकडे लागतात.

रेघ निघते कशी, ते आधी. पूर्वी जहाज बांधणारे कारागीर लाकडाची लवचीक पट्टी ठरावीक बिंदूंमधून वाकवत आणि तिच्या कडेने वळण आखून घेत. पट्टी आपणहून असाच आकार घेते ज्यात तिला कमीत कमी वाकावे लागते. गणितातल्या स्प्लाइनने हीच गोष्ट उचलली. रेघेकडून दोन मागण्या असतात. बिंदूंच्या जवळून जा आणि फार वाकू नकोस. पहिली मागणी मोडली तर चुकीचे माप वाढते. दुसरी मोडली तर दंड बसतो. दंड किती कडक ठेवायचा हा एकच आकडा सगळा खेळ ठरवतो. दंड शून्य ठेवला तर रेघ प्रत्येक बिंदूला शिवत वेडीवाकडी धावते. अतोनात ठेवला तर ती सरळ होऊन जाते.

विचार जुना आहे. एडिंबरात एडमंड व्हिटेकर यांनी 1923 मध्ये विम्याच्या मृत्युदर-तक्त्यांतले खाचखळगे बुजवायला अशीच तडजोड मांडली. 1946 मध्ये शोनबर्ग यांनी स्प्लाइनला गणिती बैठक दिली. ग्रेस वाहबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात दंडाचा आकडा खुद्द नोंदींवरूनच कसा काढावा हे दाखवले. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1960 मध्ये मांडलेली फ्रॅक्टाइल आलेखांची पद्धत याच कुळातली म्हणता येईल. राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे गटागटांनी लावून दोन काळांच्या वक्र रेघांची तुलना करायची, आधी कुठले सूत्र गृहीत धरायचे नाही. पुणे विद्यापीठात वसंत शंकर हुजूरबाजार यांनी 1953 मध्ये संख्याशास्त्र विभाग उभा केला, म्हणजे हे शास्त्र मराठी मुलखात परके नव्हते. पर्यावरणाच्या आकड्यांशी त्याची गाठ मात्र उशिरा पडली.

ती गाठ घालणारे साधन म्हणजे जनरलाइज्ड अ‍ॅडिटिव्ह मॉडेल, सगळे ज्याला गॅम म्हणतात. ट्रेव्हर हेस्टी आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी ते 1986 मध्ये मांडले आणि 1990 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कल्पना अशी, की आजच्या धुळीचे प्रमाण म्हणजे अनेक वक्रांची बेरीज. एक वक्र वर्षातल्या दिवसाचा, एक तापमानाचा, एक वाऱ्याच्या वेगाचा, एक गेल्या काही वर्षांच्या संथ बदलाचा. प्रत्येकाचे वळण वेगळे, प्रत्येकाचा दंड वेगळा. सायमन वुड यांच्या एमजीसीव्ही या फुकट मिळणाऱ्या आर-पॅकेजमुळे हे सगळे चार ओळींत करता येऊ लागले. चार ओळींत होते हीच आता अडचण आहे.

बेरीज वाचताना पहिली गफलत इथेच होते. धुळीचे आकडे कधी ऋण नसतात आणि त्यांना वरच्या बाजूला लांब शेपूट असते, म्हणून मॉडेल बहुधा लॉगमध्ये बसवतात. मग छापलेल्या आलेखात प्रत्येक वक्र शून्याच्या वर-खाली फिरतो. ते शून्य म्हणजे ‘प्रदूषण नाही’ असे नव्हे, ती त्या वक्राची स्वतःची सरासरी. जानेवारीत रेघ 0.4 वर असेल तर त्याचा अर्थ, बाकी सगळे सारखे ठेवले तर धूळ सरासरीच्या सुमारे दीडपट. ‘बाकी सगळे सारखे ठेवले तर’ हे शब्द सारांशात हमखास गळतात. जानेवारीत वारा मंदावतो, थंड हवा खाली दबून राहते, दुपारचे खारे वारे उशिरा येतात. वाऱ्याचा वक्र मॉडेलमध्ये वेगळा असेल तर जानेवारीच्या रेघेत या सगळ्याचा वाटा उरत नाही. म्हणजे ती रेघ आपण नाकाने घेतो त्या जानेवारीची नाहीच.

आता या भागाचे खास दुखणे, पाऊस. मुंबई परिसरात मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. प्रत्यक्षात तो 2021 मध्ये 9 जूनला आला, 2023 मध्ये 25 जूनला, आणि 2025 मध्ये 26 मेलाच येऊन थडकला. पाऊस आला की धूळ बसते, आणि ती दोन-तीन दिवसांत बसते. समजा, पीएम 10 घनमीटरमागे 120 मायक्रोग्रॅमवरून 50 वर आले. कोसळणे झाले ते एका पायरीत. आता ही तीन वर्षे एकत्र घेऊन वर्षातल्या दिवसावर वक्र बसवा. 26 मे ते 25 जून अशी महिनाभराची संथ उतरण दिसेल, आणि तशी उतरण तिन्हींपैकी एकाही वर्षी घडलेली नाही. आलेख बघणारा म्हणेल, जूनभर हवा हळूहळू सुधारते. ती तशी सुधारत नाही. ज्याला जूनमधल्या हवेचा आणि दम्याच्या रुग्णांचा संबंध तपासायचा आहे, त्याच्या हाती मग कुणीच न अनुभवलेला जून येतो.

उपाय अवघड नाही. कॅलेंडरचा दिवस सोडून पाऊस दाखल झाल्यापासूनचा दिवस मोजायचा, किंवा पावसाची नोंदच मॉडेलमध्ये घ्यायची. तरीही बहुतेक ठिकाणी वर्षातला दिवसच वापरला जातो, कारण शिकवणीतली उदाहरणे युरोप-अमेरिकेतली आणि तिथे ऋतू पायऱ्यांनी येत नाहीत.

दिवाळीचे तेच. लक्ष्मीपूजन 2020 मध्ये 14 नोव्हेंबरला होते, 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. फटाक्यांचे सुळके तीन-चार दिवसांचे, पण इंग्रजी तारखांवर वक्र बसवला की ते ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पसरून एक बुटके टेकाड होते. दुहेरी नुकसान. दिवाळी सौम्य दिसते आणि दिवाळी नसलेले दिवस विनाकारण मळतात. त्याच सुमारास पाऊस माघारी गेलेला असतो आणि वारे फिरलेले असतात. मग हे टेकाड फटाक्यांचे, की थंडीच्या चाहुलीचे, की भिवंडी रस्त्यावरच्या अवजड गाड्यांचे, हे रेघेला विचारून उपयोग नाही. दिवाळीचे दिवस तिथीनुसार वेगळे काढून त्यांना स्वतंत्र आकडा द्यावा, रेघ बाकीच्या दिवसांची काढावी. पंचांग हाताशी असताना हे न करणे म्हणजे निव्वळ आळस.

वर्षाचा वक्र गोल असायला हवा, म्हणजे 31 डिसेंबरचे टोक 1 जानेवारीला गाठ मारून जुळले पाहिजे. हे साधे पथ्य न पाळल्याने नववर्षाच्या मध्यरात्री हवा एकदम बदलल्याचे दाखवणारे आलेख छापून येतात. त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

टोकांबद्दल मात्र आहे. बहुवर्षीय रेघेचे शेवटचे सहा-आठ महिने सर्वात कच्चे असतात, कारण तिथे रेघेला एकाच बाजूचा आधार असतो. वाचकाला, नगरसेवकाला आणि वार्ताहराला रस नेमका त्याच टोकात असतो. ‘प्रदूषण पुन्हा वाढू लागले’ किंवा ‘अखेर सुधारणा’ अशा मथळ्यांखाली बरेचदा हे फडफडणारे टोक असते. पुढच्या वर्षीचे आकडे आले की ते टोक गुपचूप खाली किंवा वर सरकते, आणि मथळा कुणी मागे घेत नाही. रेघेभोवती काढलेला राखाडी पट्टा तिथे रुंद होतो. तो छापलेला असेल तर निदान सावध होता येते. पट्टाही नीट वाचावा लागतो. नेहमीचा 95 टक्क्यांचा पट्टा सगळ्या रेघेवर मिळून सरासरीने खरा ठरतो, प्रत्येक ठिकाणी सारखा नाही. डग्लस निचका यांनी 1988 मध्येच हे दाखवून ठेवले आहे. रेघ नेमकी कधी वळली हे विचारायचे असेल तर रेघेचा नव्हे, तिच्या चढाचा पट्टा काढून तो शून्यापासून केव्हा सुटतो ते पाहावे. गॅव्हिन सिम्पसन यांनी जुन्या सरोवरांच्या गाळावरच्या लेखात 2018 मध्ये ही रीत सोपी करून मांडली. ठाण्याच्या मासुंदा किंवा उपवन तलावाच्या पाण्यावर ती वापरायला कुणाची हरकत नसावी.

नोंदी किती आणि कशा घेतल्या, यावर रेघेला कितपत वाकता येईल हे ठरते. राष्ट्रीय हवा निरीक्षण कार्यक्रमातल्या हाताने चालवायच्या केंद्रांवर नमुना आठवड्यातून दोनदा घ्यायचा असतो, वर्षाला 104 दिवस. त्यातले काही वीज जाऊन, काही यंत्र बिघडून बुडतात. एवढ्यावर आठवड्याआठवड्याचे चढउतार दाखवणारी रेघ काढली तर ती कल्पनाविलास ठरेल. कल्याणला खडकपाड्यासारख्या स्वयंचलित केंद्रावर उलटा पेच आहे. तिथे नोंदी भरमसाट, पण अकराची नोंद बाराच्या नोंदीची सख्खी बहीण. मॉडेल त्यांना वेगवेगळे साक्षीदार समजते आणि रेघेला हवी तशी वळवळू देते. दंडाचा आकडा आपोआप काढणाऱ्या जुन्या पद्धती, खास करून क्रॉस-व्हॅलिडेशनच्या, अशा वेळी हमखास फसतात.

या मुद्द्याची खरी धार बहुवर्षीय बदल वाचताना लागते. पाच वर्षांच्या ताशी नोंदी म्हणजे जवळपास 43,800 आकडे. त्यात हिवाळे मात्र पाचच. ‘गेल्या पाच वर्षांत हिवाळे बिघडत चालले आहेत’ या विधानाला साक्षीदार पाच आहेत, 43,800 नाहीत. तरीही निबंधात पी-व्हॅल्यू 0.001 पेक्षा कमी अशी दिमाखाने छापलेली असते.

2022-23 चा हिवाळा आठवून पाहावा. मुंबई महानगर प्रदेशाची हवा त्या मोसमात दिल्लीच्या पंगतीला जाऊन बसली. काही शास्त्रज्ञांनी सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निन्याकडे आणि मंदावलेल्या वाऱ्यांकडे बोट दाखवले. इतरांनी बांधकामांकडे. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हवामानाचा हिस्सा वजा करून उरलेली रेघ पाहण्याची पद्धत आता प्रचलित आहे. इंग्लंडमध्ये स्टुअर्ट ग्रेंज आणि डेव्हिड कार्सलॉ यांनी ती चांगली बसवून दिली. पण वजाबाकी होण्यासाठी तसा वारा आणि तशी बांधकामे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या जोड्यांनी भेटावी लागतात. दोन्ही एकाच हिवाळ्यात एकत्र आली तर कुठलेही मॉडेल त्यांना वेगळे करू शकत नाही, ते फक्त कुणाच्या तरी पदरात सगळे टाकते. एका वक्राचे काम दुसऱ्या वक्रांनी मिळून करता येणे, याला जाणकार कॉनकर्व्हिटी म्हणतात. कोकणपट्टीत ऋतू, तापमान, वारा आणि आर्द्रता हातात हात घालून चालतात, त्यामुळे हा आजार इथे जन्मजात आहे.

या आजाराने एकदा मोठी फजिती केली आहे. अमेरिकेतल्या 90 शहरांची हवा आणि रोजचे मृत्यू यांचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने गॅम वापरून केला होता. पीएम 10 दहा मायक्रोग्रॅमने वाढले की मृत्यू 0.41 टक्क्यांनी वाढतात, असा निष्कर्ष होता आणि त्यावर सरकारी मर्यादा ठरायच्या होत्या. 2002 मध्ये त्याच गटातल्या फ्रांचेस्का डोमिनिची आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले की वापरलेले एस-प्लस हे सॉफ्टवेअर गणित पुरते जुळण्याआधीच थांबत होते. थांबण्याची अट कडक केल्यावर आकडा 0.27 वर आला, आणि गॅम सोडून साध्या स्प्लाइनवर गेल्यावर 0.21 वर. वक्र एकमेकांत जितके गुंतलेले, तितकी ही चूक मोठी. जगभरच्या अनेक गटांना आपापले हिशेब पुन्हा करावे लागले. संबंध खोटा ठरला नाही, परिमाण निम्म्यावर आले. एमजीसीव्ही ती जुनी रीत वापरत नाही, तेव्हा तो विशिष्ट धोका आज नाही. पण सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग न बघता निकाल उचलण्याची सवय सुटली आहे, असे म्हणवत नाही.

पायरीचा प्रश्न टाळेबंदीने पुन्हा आणला. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला, लोकल त्याआधीच थांबली होती. त्या काळावर वळणदार रेघ बसवली तर ती मार्चच्या सुरुवातीलाच उतरू लागते, जणू हवेला आधीच कुणकुण लागली होती. रेघेला पायरी ठाऊक नाही, तिला फक्त उतरण येते. म्हणून जिथे तारीख माहीत आहे तिथे रेघ तोडावी आणि तुटल्याजागी किती फरक पडला हा आकडा वेगळा सांगावा. त्यातही भर मार्च-एप्रिलची. या दिवसांत वारे जोर धरू लागतात आणि टाळेबंदी नसतानाही धूळ उतरते. म्हणून 2020 च्या एप्रिलची तुलना 2020 च्या फेब्रुवारीशी करणारे लेख बाद समजावेत. कारखान्यातल्या स्फोटांबाबतही तोच नियम. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 ला झाले तसे स्फोट रेघेत मिसळले की आजूबाजूचा सगळा मे फुगतो.

रेघ कशावर काढायची, हेही ठरवावे लागते. लोकांना आता एक्यूआय पाठ झाला आहे, म्हणून विद्यार्थी थेट एक्यूआयवर वक्र बसवतात. एक्यूआय स्वतःच एक मोडकी रेघ आहे. पीएम 2.5 चे 30 म्हणजे एक्यूआय 50, 60 म्हणजे 100, 90 म्हणजे 200, 120 म्हणजे 300, आणि 400 गाठायला थेट 250. चढ 60 नंतर एकदम उभा होतो आणि 120 नंतर मंदावतो. एक दिवस 30 आणि एक दिवस 120 असेल तर दोन एक्यूआयची सरासरी 175. धुळीची सरासरी 75, तिचा एक्यूआय 150. पंचवीसचा फरक हवेतून आला नाही, कोष्टकातून आला. शिवाय एक्यूआय त्या दिवशीच्या सर्वात वाईट प्रदूषकाचा असतो, म्हणजे आज धुळीचा आणि उद्या ओझोनचा. त्यावर काढलेली सलग रेघ कशाची आहे हे सांगणे अवघड. मोजलेल्या धुळीवरच काम करावे.

आरोग्याशी जोडणाऱ्या वक्रांचा विषय आणखी गंभीर. लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या नियतकालिकात जुलै 2024 मध्ये दहा भारतीय शहरांचा अभ्यास आला. त्यात मुंबई आणि पुणे होते, काळ 2008 ते 2019. पीएम 2.5 दहा मायक्रोग्रॅमने वाढले की रोजचे मृत्यू 1.42 टक्क्यांनी वाढतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 24 तासांच्या 15 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवरच्या हवेमुळे या शहरांत वर्षाला सुमारे 33,000 मृत्यू होतात, असा हिशेब निघाला. वक्राचा आकार मला आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कमी पातळीवर तो झपाट्याने चढतो आणि वर आडवा होत जातो. आपली राष्ट्रीय दैनिक मर्यादा 60 आहे. ‘मर्यादेच्या आत आहोत’ असे पालिका म्हणते तेव्हा ती वक्राच्या सर्वात उभ्या भागावर उभी असते. आडव्या भागाचा उलट अर्थ काढण्याचा मोहही होतो, की हवा एकदा फार बिघडली की आणखी बिघडून काही फरक नाही. उंच पातळीचे दिवस मोजके, त्या दिवशी लोक घरात थांबतात, आणि आधीच्या दिवसांनी अशक्तांना आधीच गाठलेले असते. आडवेपणात हे सगळे मिसळलेले आहे. ठाणे किंवा कल्याण या अभ्यासात नाहीत, मुंबईचा वक्र त्यांना उसना घ्यावा लागतो. डोंबिवलीच्या धुळीत काय आहे आणि कुलाब्याच्या धुळीत काय आहे, हे एकच धरून.

पाण्याकडे वळले की रेघेची फसवणूक वेगळ्या जातीची होते. खाडीतला विरघळलेला ऑक्सिजन भरती-ओहोटीवर नाचतो. भरतीला समुद्राचे ताजे पाणी येते, ओहोटीला नाल्यांचे आणि वालधुनीसारख्या प्रवाहांचे पाणी उरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. प्रयोगशाळेचा माणूस तिथी बघत नाही, तो घड्याळ बघतो. समजा, खाडीच्या एका पुलाखालून दर पंधरा दिवसांनी सकाळी अकराला नमुना घेतला. दोन भरत्यांमधले अंतर सरासरीने 12 तास 25 मिनिटांहून काही सेकंद जास्त. पंधरा दिवस म्हणजे 360 तास आणि 29 भरत्या म्हणजे 360 तास 12 मिनिटे. म्हणजे प्रत्येक खेपेला भरती जवळजवळ त्याच अवस्थेत सापडते, फक्त बारा मिनिटांनी सरकलेली. हे सरकणे पूर्ण एक फेरा मारायला सुमारे 63 खेपा घेते, म्हणजे 2.6 वर्षे. नमुन्यांतला ऑक्सिजन सव्वा वर्ष वाढताना दिसेल आणि पुढचे सव्वा वर्ष घटताना. वक्र सुरेख बसेल, पट्टाही अरुंद येईल. मधल्या काळात एखादे सांडपाणी केंद्र सुरू झाले असेल तर सुधारणेचे श्रेय त्याला जाईल आणि नंतरच्या घसरणीचे खापर कुणा कारखान्यावर फुटेल. खाडीत काहीच बदललेले नसेल. यावर तोड एकच, भरतीची अवस्था नमुन्यासोबत लिहायची आणि तिचा वेगळा वक्र मॉडेलमध्ये ठेवायचा. उधाण होते की भांग, तेही.

नकाशावर रेघेचे पृष्ठ होते आणि तिथेही तोच प्रश्न. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73. दोन केंद्रांमधून गुळगुळीत पृष्ठ ताणले तर मधल्या दादर-वरळीला काहीतरी मधला आकडा मिळतो, जो निव्वळ कागदावरचा असतो. ठाणे ते कल्याण रेल्वेने सुमारे वीस किलोमीटर, मध्ये पारसिकचा डोंगर. मोजकी केंद्रे घेऊन सबंध पट्ट्याचा रंगीत नकाशा काढणारे पृष्ठ डोंगरातून आरपार झिरपते. घोडबंदरची खाडी आणि ठाण्याची खाडी नकाशावर जवळ, पाण्याच्या वाटेने लांब. अशा ठिकाणी सीमेपलीकडे न झिरपणारे सोप-फिल्म नावाचे पृष्ठ वुड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तयार केले. ठाण्याच्या भूगोलासाठीच ते बेतले असावे, असे वाटावे.

रोहित पक्ष्यांची गोष्ट आनंदाची, म्हणून तिच्यात आकडे जास्त बेफिकिरीने वापरले जातात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले, 2022 मध्ये ते रामसर यादीत गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) लोक चिखलाटीवर गणती करतात. गणतीचे आकडे धुळीसारखे नसतात, ते पूर्णांक असतात. आज काही शेकडा, उद्या भरती वेगळी म्हणून काही हजार. पावसाळ्यात बहुधा शून्य. त्यांना साधे गॅम न लावता निगेटिव्ह बायनॉमियल गृहीतक लावावे लागते, नाहीतर दोन-चार मोठ्या थव्यांचे दिवसच रेघ ओढून नेतात. वर्षागणिक वक्राला इथेही हिवाळ्यांइतकेच साक्षीदार, आणि कच्छच्या रणात एका वर्षी पाणी किती साचले याने इथला पुढचा मोसम ठरतो, ठाण्यात काही न घडता. पक्षी वाढले म्हणजे खाडी सुधारली, हे वाक्य तर रेघेत कुठेच नसते. सांडपाण्याने वाढलेले शेवाळ लहान रोहितांना मानवते, त्यामुळे उलटेही खरे असू शकते.

शेवटी केंद्रांविषयी, कारण कुठल्याही गणितापेक्षा रेघ अधिक वेळा तिथेच मोडते. निरीक्षण केंद्र एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेले, खाली उड्डाणपूल झाला, शेजारी वीस मजली इमारत उठली की हवा न बदलता आकडे बदलतात. गॅमला हे सांगितले नाही तर ते त्या दिवसाभोवती इमानदारीने वळण काढतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा हलवावी लागली, तेव्हा नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली आणि 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांमधला फरक मोजून हाती आला आणि 1840 च्या दशकापासूनची मालिका न तुटता पुढे गेली. आजही जगभरचे संशोधक ती वापरतात. हवेचे केंद्र हलवताना जुन्या-नव्या जागी निदान एक हिवाळा आणि एक पावसाळा यंत्रे जोडीने चालवावीत, आणि हलवल्याची तारीख अहवालातल्या तक्त्याखाली छापावी. ती तारीख मिळाली की रेघ तिथे तोडता येते.